वजन उतरवून देते म्हणाली आणि ४३,८९९ रुपये घेऊन बसली

वजन उतरवून देणाऱ्या एका 'कोच' बाईला मी दिलेल्या पैशांचा हा हिशेब. १,४९९ नोंदणी आणि स्कॅनचे. १८,६०० पॅकेजचे. १०,००० 'हमी ठेव'. २,७५० पोटाच्या पट्ट्याचे. ७,८५० 'प्लॅटू किट'चे, म्हणजे वजन अडकल्यावर घ्यायच्या किटचे. ३,२०० पैसे परत मिळवण्याच्या 'फाइल चार्ज'चे. बेरीज ४३,८९९ रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही. डॉक्टर, ईसीजी आणि रक्ततपासण्यांचे ४,३६० झाले ते वेगळेच. आकडे आधी लिहिले, कारण "गेले असतील हजार-दोन हजार, त्यात काय एवढं" म्हणून लोक असले अनुभव अर्ध्यात सोडून देतात.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. दिवसभर लोकांच्या ठेवी, सह्या, खाते क्रमांक तपासायचं माझं काम. त्यामुळे "तू असून फसलीस?" हे घरी, ऑफिसात आणि पोलीस ठाण्यातही ऐकून झालं आहे. पण मी अडाणी नाही, हावरट तर अजिबात नाही. दामदुप्पट, लॉटरी, क्रिप्टो यांच्या वाटेला मी कधी गेले नाही. मला बाकी कुठल्या बाबतीत कुणी फसवू शकलं नसतं. त्या बाईने बरोबर त्याच ठिकाणी हात घातला जिथे मी आधीच मोडून बसले होते.

बाळंतपणाआधी माझं वजन ५७ किलो होतं. सिझेरियन झालं, लेक दोन वर्षांची झाली, तरी काटा ७४ च्या खाली येईना. बायकांना पुढचं सांगायला नको, पुरुषांसाठी लिहिते. हळदीकुंकवाला चुलत सासूबाई हातात वाण ठेवतात आणि चारचौघींत विचारतात, "अगं, किती सुटलीस! दुसऱ्याची तयारी का?" ब्लाउजचं माप घेताना टेलर टेप लावते, वहीतलं जुनं माप बघते, परत टेप लावते आणि काही बोलत नाही. नणदेच्या साखरपुड्यात घरच्यांचा फोटो काढताना मला सांगितलं गेलं, "तू जरा मागच्या रांगेत थांब." माझी लेक पुढे, तिच्या आत्याच्या कडेवर, आणि मी मागे. नवरा माणूस म्हणून चांगला आहे, पण मी दुसरी पोळी घेतली की त्याची नजर माझ्या ताटाकडे जायची आणि मी ती पोळी परत डब्यात ठेवायची.

डॉक्टरांकडे गेले नव्हते असंही नाही. थायरॉईड, साखर, रक्तदाब सगळं नॉर्मल होतं. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २९.६. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर स्थूलता धरतात, तेव्हा वजन जास्त होतंच, मी नाकारत नाही. डॉक्टर म्हणाले, चाला, झोप पूर्ण करा, वर्षभरात हळूहळू उतरेल. वर्षभर थांबायची मुभा मला कोण देणार होतं? नणदेचं लग्न ३ महिन्यांवर आलं होतं आणि घरात रोज कुणी ना कुणी विचारत होतं, शालूवरचा ब्लाउज कोणत्या मापाचा शिवायचा.

ती बाई आली भिशीतून. भिशीच्या ग्रुपवर आमच्यातल्याच एकीने आधीचे-नंतरचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "९० दिवस, १४ किलो, आमच्या कोच मॅडमची कमाल." आपल्या ओळखीची, आपल्या ताटात जेवलेली बाई सांगते तेव्हा कोण शंका घेतं? मला तिकडे नेल्याबद्दल तिला २,००० रुपये मिळाले हे फार नंतर कळलं. ओळखीतून आलं म्हणजे खरं, हे डोक्यातून काढून टाका. या बायका अनोळखी माणसाकडे जातच नाहीत, आधी तुमच्या ग्रुपमधली एक धरतात.

पहिल्या दिवशी तिने मला बसवलं आणि मोठाले दोन ग्लास कोमट पाणी प्यायला लावलं, स्कॅनला लागतं म्हणून. मी ऑफिसातून थेट गेले होते, दुपारचं जेवण पोटात, अंगावर साडी. तशीच काट्यावर उभी केली. ७८.६. लेकीच्या डोसाला गेले तेव्हा दवाखान्यातला काटा ७४ दाखवत होता. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "दवाखान्याचे काटे साधे असतात डिअर, हे जर्मन मशीन आहे." मग त्याच मशीनने माझ्या 'शरीराचं वय' ५२ सांगितलं. मी ३३ वर्षांची आहे. या यंत्रांबद्दल आता डॉक्टरांकडून कळलं ते सांगते: तळपायांतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतात, अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी प्यालं, जेवलं, घाम आला की आकडा हलतो. 'शरीराचं वय' हे कंपनीचं गणित आहे, कुठलाही डॉक्टर त्यावर उपचार करत नाही.

आठवड्याने तिने मला सकाळी अनशापोटी बोलावलं, पातळ टी-शर्टवर उभं केलं आणि काटा ७४.८ वर थांबला. "३.८ किलो गेले!" म्हणून तिने टाळ्या वाजवल्या, खोलीतल्या सगळ्या बायकांनी वाजवल्या. माझ्या अंगातलं फारसं काहीच गेलं नव्हतं. पहिल्या दिवशी वाढवून दाखवलेलं तिने दुसऱ्या भेटीत काढून घेतलं. सुरुवात आणि शेवट दोन्ही आकडे ज्याच्या हातात, तो पाहिजे तेवढे किलो उतरवून दाखवेल. स्वतःच्या घरी, एकाच काट्यावर, एकाच वेळी, सकाळी काही न खाता-पिता वजन करा आणि त्यांच्या काट्यावर उभं राहण्याआधी तो आकडा लिहून ठेवा.

आता त्या डब्याबद्दल लिहिते. रोज रात्री मला तो डबा दिसतो.

पांढरा प्लास्टिकचा डबा, हिरवं झाकण, वर पानांचं चित्र आणि 'शंभर टक्के हर्बल'. मागच्या बाजूला एक लेबल होतं आणि त्याचा खालचा कोपरा उचकटलेला होता. मी बोलता बोलता नखाने तो कोपरा दाबत होते आणि खाली दुसरं लेबल आहे हे मला बोटाला जाणवत होतं. वरच्या लेबलवर खाद्य परवान्याचा क्रमांक छापलेला होता. तो १३ आकडी होता. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्य परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, क्रमांक १४ आकडी असतो. आधार १२ आकडी असतो, आयएफएससी ११ अक्षरी असतो, काउंटरवर कुणी एक आकडा कमी लिहून आणला तर मी पेनाने गोल करून अर्ज परत देते. आणि तो डबा माझ्या हातात होता, क्रमांक डोळ्यांसमोर होता, उचकटलेला कोपरा नखाखाली होता, आणि मी ते आकडे मोजले नाहीत.

का मोजले नाहीत? कारण त्याच्या दोनच मिनिटं आधी तिने पडद्यामागे माझा 'बिफोर' फोटो काढला होता. टी-शर्ट छातीपर्यंत वर घ्यायला लावून, पोट उघडं, समोरून, बाजूने, मागून. आणि लगेच तो मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघा, तुम्हीच बघा. नवऱ्याने बघत राहावं असं आहे का हे?" सिझेरियनचा वण, लोंबलेलं पोट, सगळं त्या मोठ्या स्क्रीनवर. मला तिथून फक्त बाहेर पडायचं होतं. त्या अवस्थेत माझ्यापुढे कोणताही कागद ठेवला असता तरी मी सही केली असती, आणि केलीही. फोटो आधी, डबा नंतर, पैसे त्यानंतर. हा क्रम तिने ठरवूनच ठेवलेला आहे. आमच्यातल्या प्रत्येकीबरोबर हाच क्रम झालाय, मी विचारून बघितलं. कुणाही कोचला असा फोटो काढू देऊ नका. वजन मोजायला काटा लागतो, फोटो लागत नाही.

पैसे गेले यूपीआयने, एका पुरुषाच्या वैयक्तिक नंबरवर. नाव तिचंही नव्हतं, सेंटरचंही नव्हतं. पावती म्हणजे साध्या कागदावर 'पेड' आणि तारीख. जीएसटी क्रमांक नाही. यावर मला सगळे बोलतात. पण भिशीचे पैसे आम्ही असेच पाठवतो, भाजीवाल्यालाही असेच देतो, कुणाच्या तरी मुलाच्या नंबरवर. त्यात वेगळं काय वाटणार होतं? तरीही सांगते: पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत. 'बिल घेतलं तर जीएसटीचे जास्त पडतील' हे वाक्य ऐकलं की उठा.

हमी ठेवीची अट अशी होती की ९० दिवसांत १० किलो उतरले तर १०,००० परत, पाव किलो कमी पडला तरी जप्त. आणि मोजणार कोण, तर तीच.

सकाळ-संध्याकाळ भुकटी, दुपारी कॅप्सूल, रात्री 'डिटॉक्स चहा'. चहाने पहाटे तीन-तीनदा संडासला पळायला लागायचं. ती म्हणायची, "विष बाहेर पडतंय." त्यात सोनामुखी होती. सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे, त्याने आतड्यातलं पाणी जातं, चरबी जात नाही, आणि पाण्याबरोबर क्षार जातात. कॅप्सूलने भूक मेली. तोंडाला कोरड, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. पण काटा उतरत होता आणि लोक, खरंच सांगते, तेच लोक कौतुक करत होते. चुलत सासूबाई म्हणाल्या, "आता कशी दिसतेस!" चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, हात थरथरतात, आणि घरात सगळे खूश. माझी तब्येत बिघडतेय हे कुणालाही दिसलं नाही, कारण मी बारीक होत होते.

दुसऱ्या महिन्यात काटा अडकला. मग ७,८५० चं किट. ते न घेतलं तर 'मेटाबॉलिझम कायमचं बंद पडतं' आणि हमी ठेवही जाते. १०,००० वाचवायला ७,८५० भरले. त्याआधी घामाचा पट्टा घ्यायला लावला होता, २,७५०. घामाने पोटाची चरबी वितळत नाही, पाणी पीत नाही तोवर काटा तेवढा हलतो.

मग एके दिवशी काउंटरवर रोकड मोजताना पोटऱ्यांत गोळे आले आणि छाती इतकी धडधडायला लागली की पेन हातातून पडलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम २.९. ते किमान ३.५ तरी हवं, फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कॅप्सूलची पट्टी बघून त्यांनी विचारलं, तोंडाला कोरड आहे का, झोप उडाली आहे का, भूक पूर्ण गेली आहे का. तिन्हीला हो. त्यांना संशय आला तो सिब्युट्रामिनचा. हे भूक मारणारं औषध होतं, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं आणि आपल्याकडे २०११ मध्ये त्यावर बंदी आली. पण जगभर 'हर्बल' नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते आजही सापडतं. माझ्या कॅप्सूलमध्ये तेच होतं असं मी म्हणत नाही, कारण ती तपासून मिळालीच नाही. का मिळाली नाही ते पुढे येतंय.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे एक हिशेब करून दाखवला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात १० किलो चरबी घालवायची तर दिवसाला २,५०० हून जास्त कॅलरींची तूट हवी. बहुतेक बायका दिवसभरात तेवढं खातही नाहीत. म्हणजे दिवसभर तोंडात काहीही घातलं नाही तरी ते शक्य नाही. पुन्हा कुणी 'महिन्यात १० किलो' म्हणालं तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

पैसे परत मागितले. "नक्की डिअर, फक्त ३,२०० फाइल चार्ज, आठ दिवसांत सगळे एकदम." भरले. मला बोला, पण ४०,६९९ अडकलेले असताना ३,२०० मध्ये सुटका दिसत होती, घरात अजून कुणाला पूर्ण रक्कम माहीत नव्हती, आणि मला ते कुणाला कळायच्या आत मिटवायचं होतं. त्यानंतर फोन उचलणं बंद. मी तक्रार करेन असं लिहिलं तेव्हा तासाभरात उत्तर आलं: "तुम्ही फॉर्मवर सही केली आहे, तुमचे बिफोर फोटो आम्ही प्रचाराला वापरू शकतो." खाली माझा फोटो. पोट उघडं असलेला.

मी गप्प बसले. बरेच दिवस. ज्या लाजेने मला तिच्याकडे नेलं त्याच लाजेने मला तक्रारीपासून अडवलं, आणि तिचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो. भुकटी-बिकटी नावाला आहे.

शेवटी नवऱ्याला सांगितलं आणि पोलीस ठाण्यात गेले. तिथला अनुभव तर संतापाचा आहे. समोरच्या माणसाने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कशाला बारीक व्हायचं ताई, बऱ्या आहात की." शेजारचा हसला. मी धमकीचा मेसेज दाखवला तर त्याने मोबाइल हातात घेऊन फोटो बोटांनी मोठा करून बघितला. माझ्यासमोर. मग म्हणे, "तुम्हीच काढू दिला ना? पैसेही तुम्हीच पाठवले ना? हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायलाही तयार नव्हते. पुन्हा गेले तर साहेब बंदोबस्ताला, मग साहेब कोर्टात, मग "तपास चालू आहे". कसला तपास, तिचा दरवाजा ठाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे अजूनही सकाळी बायकांच्या चपलांची रांग लागते.

हे दिवाणी प्रकरण नाही. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गुन्हा आहे, खंडणी ३०८ मध्ये, धमकी ३५१ मध्ये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की नोंद करणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तोंडी काहीही सांगू नका.

बँकेत सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय." बरोबर आहे, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आपल्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांपुरतं होतं. पण मी पैसे पाठवले त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला असता तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवण्याची काहीतरी शक्यता होती. ते मला काउंटरवरच्या बाईने सांगितलं नाही. १९३० लक्षात ठेवा, तासांचा फरक पडतो.

आणि डबा तपासून घ्यायला अन्न व औषध खात्यात गेले, तिथे तर कमाल झाली. एका टेबलावर सांगितलं, यावर अन्नाचा परवाना आहे, आमच्याकडे औषधं. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, तुम्ही औषध मिसळलंय म्हणताय, मग तिकडे जा. दोन टेबलांमध्ये एक कपाट होतं. मी तो डबा आणि कॅप्सूलची पट्टी घेऊन त्या कपाटाच्या या बाजूने त्या बाजूला फिरत राहिले, रजा टाकून, बिनपगारी. परवान्याचा आकडा खोटा आहे हे मी बोट ठेवून दाखवलं, तर "ऑनलाइन तक्रार करा". ऑनलाइन केली, काही दिवसांनी 'निकाली' म्हणून मेसेज आला. कुणी डबा मागितला नाही, कुणी फोन केला नाही. निकाली!

कायदा काय म्हणतो ते मी स्वतः वाचून काढलं, मला कुणी सांगितलं नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गिऱ्हाईक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायला हवं. भामट्याला आधी सूचना द्यायची! औषधाच्या बाबतीत ती अडचण नाही, १९४० च्या औषध कायद्याचं कलम २६ कुणालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडे नमुना द्यायची मुभा देतं. १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातविरोधी कायद्यात लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना सरळ मनाई आहे. पण तो कायदा औषधांना लागतो, म्हणून डब्यावर 'अन्न' छापतात आणि तोंडाने औषध म्हणून विकतात. ही पळवाट त्या बाईला ठाऊक आहे, मला आता ठाऊक झाली, आणि जे पगार घेऊन त्या टेबलांवर बसलेत त्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर कागद कोणते लागतात ते सांगतात. यूपीआयचे स्क्रीनशॉट, मेसेज, डॉक्टरांचे कागद, उचकटलेल्या लेबलाचा फोटो, सगळं लावलंय. उरलेली भुकटी आणि कॅप्सूल कपाटात बंद करून ठेवली आहे. तुमच्याकडेही असतील, संतापाने फेकून देऊ नका.

आमच्या भिशीतल्या आणखी काही जणी तिच्याकडे जाऊन आल्यात. एकीचे माझ्यापेक्षा जास्त गेलेत, ती रक्कम ती नवऱ्याला सांगू शकत नाही. एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून दावा करता येतो. त्या यायला तयार नाहीत आणि प्रत्येकीचं कारण एकच, फोटो. म्हणून त्यांच्यासाठी आणि तुमच्यापैकी जी कुणी अशीच अडकली असेल तिच्यासाठी स्पष्ट लिहिते: पैशांच्या तक्रारीत फोटो जोडावा लागत नाही, मी जोडलेला नाही. धमकीचा मेसेज जोडायचा तर फोटोवर काळी पट्टी मारून छापा, मूळ मेसेज मोबाइलमध्ये तसाच राहू द्या. आणि फोटो बघायला म्हणून कुणाच्याही हातात, तो गणवेशातला असला तरी, मोबाइल देऊ नका.